पाच खाचांची नळी

३ जानेवारी

साडूभाऊंना नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. आयुष्यभर बंदुकांचे बार कानाशी काढल्यावर दुसरं काय होणार? म्हणून हे पत्र.

सासरेबुवांची रायफल पाठवत आहे. आमच्या क्लबची गाडी तुमच्या क्लबात येणार आहे, तिच्यातून सीलबंद पेटी आणि परवान्याची प्रत येईल. माझ्या घारूची नेमबाजीची निवड चाचणी २२ मार्चला आहे. संघात जागा सहा, त्यातल्या पाच ठरल्यातच जमा, आणि सहावीसाठी अकरा जणी. पोरीला अठ्ठाविसावं लागलंय. पुढची निवड दोन वर्षांनी, तेव्हा नव्या मुली आलेल्या असतील. गेली दोन वर्षं दवाखान्यात दिवसभर रोग्यांचे एक्स-रे काढून, उभ्या उभ्या चार घास खाऊन ती रोज मैदानावर जाते. ही संधी गेली तर गेलीच म्हणायची.

अडचण अशी की सासरेबुवांनी ओतून ठेवलेल्या शिशाच्या गोळ्या संपल्या. त्यांचा साचा घरात सापडत नाही. तो कोणाकडे गेला असेल याची चौकशी मी करत नाही. तुम्ही नळीचं आतलं माप घ्यावं, त्याप्रमाणे नवा साचा करावा आणि दीडशे गोळ्या ओतून द्याव्यात, एवढंच.

सोबत यादी आहे. स्क्रू ९. दस्त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा एक ओरखडा, जुना. लाखेची सीलं ३. यादीच्या दोन प्रती केल्या आहेत, एकीवर सही करून परत पाठवावी. यात संशय काही नाही, कारखान्यातली सवय आहे.

पोरीची आई असती तर तिनंच हे लिहिलं असतं, आणि गोड लिहिलं असतं. मला ते जमत नाही.

तुमचा साडू

*

१९ जानेवारी

इन्स्पेक्टरसाहेब,

विनंती काही नाही, विशेष मात्र आहे.

पेटी पोचली. यादीवर सही केली. स्क्रू नऊच आहेत, दहावा तुमचा ढिला झालाय, तो पेटीत नव्हता. साच्याबद्दल म्हणाल तर सासरेबुवांनी तो शेवटच्या आजारपणाआधी स्वतः वितळवला. "माझ्यामागे कोणी वाईट गोळ्या ओतायला नकोत," म्हणाले. मी समोर होतो. विश्वास बसत नसेल तर त्यांनाच विचारा.

काल सकाळी नळीचा ठसा काढला. तुम्ही कारखान्यात जन्म घातलात, पण ही गंमत तुमच्या वाट्याला आलेली नाही, म्हणून सांगतो. अगदी मऊ, निर्भेळ शिशाचा गोळा घ्यायचा, नळीच्या तोंडापेक्षा किंचित मोठा. नळी चामड्यात गुंडाळून बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरायची, आतून तेलाचा हात फिरवायचा आणि गोळा तोंडावर ठेवून लाकडी हातोडीनं ठोकायचा. कडेनं शिशाची एक बारीक अंगठी कापली जाते आणि गोळा आत शिरतो. मग पितळी सळईनं त्याला पार दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायचं. इथं डोळे मिटायचे. सळई मध्येच सैल पडली तर तिथं नळी फुगलेली, अडली तर चेपलेली. या नळीत सळई एका दमात, सारख्या जोरानं गेली, आणि शेवटची चार बोटं जरा घट्ट. सासरेबुवांनी चाळीस वर्षं वापरली आणि लेकरासारखी जपली. मला खरंच भरून आलं. ही नळी माझ्याकडे यावी असं मला कधीकाळी वाटलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे, मी लपवत नाही. आम्हाला मूलबाळ नाही, ती घारूकडे गेली ते बरंच झालं.

बाहेर पडलेल्या ठशावर नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा जशाच्या तशा उठतात. त्याचं मोठं माप ९.५५ मिलिमीटर. गोळी मी ९.५८ ची ओतणार, म्हणजे ती नळीत गच्च बसून फिरत जाईल. ठसा कापसात गुंडाळून काड्यापेटीतून पाठवतोय, तुम्ही मोजल्याशिवाय राहणार नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र कळली नाही. मी तेल घालायच्या आधीच नळीला तेलाचा वास होता, शिवणयंत्राच्या तेलाचा. आणि चिंधी फिरवली तर तिला शिशाचा ताजा करडा डाग लागला. माझ्या आधी या नळीतून कोणीतरी काहीतरी ढकललंय. घारूचा उद्योग आहे का? तिला रागावू नका, फक्त विचारा.

तुमचा साडू, बंदूकवाला

*

२७ जानेवारी

साडूभाऊ,

ठसा मिळाला. मोजला. पाच वेळा मोजला. माझा मायक्रोमीटर म्हणतो ९.४५. तुमचं पत्र म्हणतं ९.५५.

फरक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे या कागदाच्या जाडीएवढा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मी चाळीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो, या जाडीसाठी मी गाडीभर माल परत पाठवलाय.

आता तेलाच्या वासाचं. ते तेल माझं. पेटी बंद करण्याआधी मीही एक ठसा काढून ठेवला होता. तुम्ही वर्णन केलंत तसाच काढला, पुस्तकात वाचून. त्याचं माप ९.४५. म्हणजे माझा ठसा ९.४५, तुम्ही पाठवलेला ठसा ९.४५, आणि फक्त तुमच्या पत्रातली नळी ९.५५. मग ही तिसरी नळी कुठली?

मी आरोप करत नाही, फक्त विचारतो. तुमच्या बाकावर दुसरी एखादी नळी आहे का, जरा झिजलेली, जिचं माप ९.५५ आहे? घारूची रायफल तीच नळी बसवून परत येणार असेल, आणि गोळ्याही तिच्याच मापाच्या ओतल्या जाणार असतील, तर आत्ताच सांगा. ही नळी तुम्हाला हवी होती असं तुम्हीच लिहिलंय. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं तर त्यात माझं काय चुकलं?

उत्तर लगेच द्यावं.

*

५ फेब्रुवारी

साहेब,

तुमचं पत्र वाचून बायको म्हणाली, "जाऊ दे, स्वभावच तसा आहे." मी म्हटलं, स्वभाव तसा आहे म्हणून मी चोर का व्हायचं? थोरला जावई म्हणून त्या घरात मी तुमच्या आधी सात वर्षं जेवलोय. सासरेबुवांच्या बंदुकीचा एक खिळाही मी कधी घरी आणला नाही.

तर आधी मापून ठेवलंत. लग्नात नवरीचे दागिने मोजून घेतात तसं. आणि मी बावळट, घारूला रागावू नका म्हणून तुम्हालाच सांगत होतो.

तिसरी नळी नाही. दुसरीही नाही. एकच नळी आहे आणि तिचं माप ९.५५ आहे. तुमचा आकडा का वेगळा येतो ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तुम्ही एवढे मोठे इन्स्पेक्टर, तर ठसा हातात घ्या आणि आधी त्यावरच्या खाचा मोजा. मोजल्यात की तुमचं तुम्हाला कळेल. नाही कळलं तर तुमच्या पेन्शनीचं मला वाईट वाटेल.

साचा कोरायला घेतलाय. गोळ्या ९.५८ च्याच होतील.

*

१६ मार्च

साडूभाऊ,

रायफल ११ तारखेला पोचली. सीलं शाबूत. स्क्रू ९. मी पुन्हा एक ठसा काढला, माप ९.४५, ओरखडेही जुळले. तेव्हा नळी बदललेली नाही, हे मान्य करतो आणि तेवढे शब्द मागे घेतो.

पण गोळ्यांचं काय? दीडशेच्या दीडशे ९.५८. माझ्या मापाच्या नळीपेक्षा तेरा शतांश जास्त. एवढी जाड गोळी बळंच नळीत कोंबली तर मागे दाब किती येईल याचा विचार तुम्ही केलात? पोरीचा गाल त्या दस्त्याला टेकलेला असतो साडूभाऊ, डोळा चार बोटांवर. तिची आई गेल्यापासून माझ्याजवळ दुसरं कोण आहे?

तिनं तर मला न विचारता क्लबात जाऊन तुम्ही भरून पाठवलेली वीस काडतुसं उडवलीसुद्धा. नाचत घरी आली. वीसही गोळ्या वाटीएवढ्या जागेत पडल्या म्हणाली. मी तिला सांगितलं, नशीब समज. वीस हा नमुना फार लहान आहे, त्यावरून मी खिळेसुद्धा पास केले नसते.

आता आठवडाभर मैदान बंद आहे, एकदम चाचणीलाच उघडेल. बाकीची काडतुसं नेहमीप्रमाणे मी घरी भरतोय. तुम्ही खाचा मोजायला सांगितल्यात. मी काय बालवाडीत आहे? उत्तर देता येत नसलं की माणूस कोडी घालतो. मी योग्य ते करीन.

*

१९ मार्च (पोस्टकार्ड)

योग्य ते म्हणजे काय? गोळ्यांना हात लावू नका. काहीही करू नका. मायक्रोमीटर कपाटात ठेवा आणि किल्ली घारूकडे द्या.

*

२४ मार्च

प्रिय काका,

मावशीला आणि तुम्हाला नमस्कार. पत्र लिहायला दोन दिवस घेतले, कारण रागात लिहायचं नव्हतं. तरी राग येणारच, तेवढा सोसा.

माझं नाव यादीत नाही. सातवी नाही, आठवी नाही, अकरा जणींत अकरावी. पहिल्या पाच गोळ्यांनंतर दुर्बिणीतून कागद पाहिला आणि मला वाटलं शेजारणीचा पाहतेय. भोकं गोल नव्हतीच. आडवी, लांबट, कुलपाच्या भोकासारखी. गोळ्या कोलांट्या खात जात होत्या काका. एक वर, एक खाली, दोन कागदावरच नाहीत. पंच जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, बंदूक बदलायची का?" आजोबांची बंदूक! मी नाही म्हटलं आणि उरलेल्या सगळ्या उडवल्या, एकही नीट गेली नाही. शेजारची मुलगी माझ्याकडे बघायचं टाळत होती. तेच सगळ्यात लागलं.

आधी तुम्ही भरलेली वीस काडतुसं तर सुंदर गेली होती. मग नंतरच्या गोळ्यांना काय झालं? बाबा म्हणतात, काकांचं वय झालं, पहिल्या काही नीट ओतल्या असतील, पुढे हात थरथरला असेल, माणूस सांगत नाही पण होतं असं. बाबा तुमच्याबद्दल नेहमीच काहीतरी म्हणतात म्हणून मी लक्ष देत नाही. पण या वेळी मला दुसरं काही सुचतच नाही. हात थरथरत होता तर मला सांगायचं होतं ना. मी दुसरीकडून करून घेतल्या असत्या. दोन वर्षं घातली हो मी.

न वापरलेल्या दोन गोळ्या डब्याच्या तळाशी होत्या, त्या पाठवतेय. बघा आणि खरं काय ते सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन.

घारू

*

३० मार्च

इन्स्पेक्टर,

पोरीनं पाठवलेल्या दोन गोळ्या माझ्यासमोर बाकावर आहेत. अंगं आरशासारखी चकचकीत. ओतलेली गोळी अशी कधी दिसत नाही, ती मंद असते आणि तिच्यावर साच्याच्या जोडाची रेघ असते. या गोळ्या पोलादी कड्यातून दाबून काढल्यात. माप ९.४८. तुमच्या ९.४५ ला बरोब्बर साजेसं. कडं छान कातलंय, हात तुमचाच.

घोडं कुठं पेंड खातंय ते आता सरळ लिहितो, कोडं न घालता.

नळीत खाचा पाच आहेत. तुम्ही जन्मभर गोल दांडे मोजलेत. बहुतेक बंदुकांना खाचा चार किंवा सहा असतात, समोरासमोर. त्यांच्या ठशाला तुमचा मायक्रोमीटर चालतो. पण पाच खाचांच्या ठशावर पाच कंगोरे उठतात आणि कुठल्याही कंगोऱ्याच्या बरोब्बर समोर कंगोरा नसतो, खळगा असतो. तुमच्या मायक्रोमीटरला जबडे दोन. एक कंगोऱ्यावर टेकतो, दुसरा खळग्याशी. मग आकडा कमीच येणार. पाचदा मोजा नाहीतर पाचशेदा. पाच खाचांना तीन जागी टेकणारा मायक्रोमीटर लागतो. तुमच्या जुन्या कारखान्यात नक्की असेल, मागून आणा आणि खात्री करा. माझ्या शब्दावर जाऊ नका, कधी गेलाच नाहीत.

नळी खरंच ९.५५ आहे. तुमची ९.४८ ची गोळी तिच्यात ढिली पडली, बाजूनं गॅस निघून गेला, खाचांनी ती धरलीच नाही आणि ती कोलांट्या खात गेली. पोरीचा नेम चुकलेला नाही. तो तुम्ही घरी बसून चुकवलात.

मी फार चिडलोय. पण चिडताना माझंही मला दिसतंय. हे सगळं मी ५ फेब्रुवारीला चार ओळींत लिहू शकलो असतो. तुम्ही मला चोर म्हणालात आणि मला तुमची जिरवायची होती, म्हणून "खाचा मोजा" असं लिहून मी मिठाची गुळणी धरून बसलो. जिरली कोणाची, तर तिची.

घारूला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे तिला तुम्ही सांगायचं. वाट पाहतो.

*

९ एप्रिल

साडूभाऊ,

मायक्रोमीटर आणला. कारखान्यात आता सगळी नवी माणसं, मला ओळखणारा एकच. त्यानं विचारलं, साहेब, घरी काय मोजताय? मी काहीतरी सांगितलं.

९.५५.

दारं लावून बसलो आणि तिन्ही ठसे पुन्हा पुन्हा मोजले. शाळेतल्या पोरालाही कंगोरे मोजता आले असते. मी मोजले नाहीत, कारण तुम्ही मोजायला सांगितले होते.

तुमचं कार्ड चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दारात पडलं. आधी आलं असतं तरी मी ऐकलं असतं का, सांगता येत नाही. तुम्हाला वाटत असेल मी तुमचं नाव खराब करायला केलं. तसं नाही. दाब जास्त येईल, तिचा डोळा जाईल, एवढंच डोक्यात होतं. रोज संध्याकाळी ती यायच्या आत वीस-वीस गोळ्या कड्यातून दाबत होतो आणि मनात म्हणत होतो, हिची आई असती तर म्हणाली असती, बरं केलंत. करायला गेलो एक.

आता मागणं मागतो, ते वाचून पत्र फाडू नका. मला तिला सांगता येत नाही. तीनदा तोंड उघडलं आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं. या घरात आम्ही दोघंच. ती माझ्याशी बोलायची थांबली तर मला दिवसभरात हाक मारणारं कोणी नाही. तुमच्यावर ती रागावली आहेच. तुम्ही लांब आहात, तुमच्या सोबतीला तिची मावशी आहे, तुमच्यावर तिची माया आहे, तो राग दोन-चार महिन्यांत उतरेल. तो तसाच राहू दिलात तर तुमचे उपकार मी विसरणार नाही. थोडक्यात, चूक तुमची असं तिला लिहा.

की तुम्ही तिला आधीच कळवून मोकळे झालात? ती दोन दिवस माझ्याकडे जरा वेगळं बघतेय. खरं सांगा.

*

१५ एप्रिल

चि. घारूस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. तुझ्या गोळ्या नीट पाहिल्या. चूक माझी आहे. शेवटी शेवटी शिसं जरा गार झालं होतं आणि माझा हातही आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही. मापात गडबड झाली. मला ते वेळेत सांगता आलं असतं, सांगितलं नाही, ही त्याहून मोठी चूक.

तुझ्या वडिलांचा यात काही दोष नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी फार काळजी घेतली.

मन लावून खा-पी. नेमाला तोड नाही तुझ्या.

काका

*

४ मे

काका,

तुमचं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्यांचं म्हणणं बरोबर होतं" इथं आले आणि थांबले. मला कळायला लागल्यापासून तुमचं दोघांचं कशावरही एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. आईच्या आजारपणात डॉक्टर कोणता यावर नाही, आजोबांच्या फोटोला चौकट कसली यावरसुद्धा नाही. आणि आता एकदम चूक कोणाची यावर एकमत! मला तिथंच संशय आला.

दुसरं म्हणजे बाबा. काका चुकले हे ऐकल्यावर ते खूश व्हायला हवे होते. बाबा उठून आत गेले आणि बराच वेळ हात धूत बसले.

मग मावशीला फोन लावला. विचारलं, काकांचा हात थरथरतो का गं? जेवताना चमचा नीट धरतात का? ती म्हणाली, "कोण सांगतं? आत्ताच मला सुईत दोरा ओवून दिला, ते पण चष्मा न लावता." मी फोन ठेवला.

बाबा बाजारात गेले तेव्हा त्यांचा खण उघडला. कारखान्याचा मायक्रोमीटर, त्याला चिठ्ठी लटकवलेली, ४ एप्रिल. तुमच्या कबुलीच्या अकरा दिवस आधी. त्याखाली पोलादी कडं. त्याखाली तुमची पत्रं, सगळ्यात वर ३० मार्चचं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला तुम्हीच शिकवलंत. मी उभ्यानं दोनदा वाचलं. मग काड्यापेटीतला ठसा घेतला आणि कंगोरे मोजले. पाच. मोजायला घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

बाबा पिशवी घेऊन दारात आले तर मी कडं हातात घेऊन बसलेली. ते तिथंच पायरीवर बसले. मी खूप ओरडले काका. माझं तोंड एवढं मोठं आहे हे मलाच माहीत नव्हतं. दोन वर्षं, म्हटलं, दोन वर्षं मी तुमच्या भीतीपायी घालवली. त्यांनी एकच विचारलं, "जेवणार आहेस ना?" मी जेवले. पण बोलत नाहीये अजून. बोलेन कधीतरी, आज नाही.

आता तुमचं. तुम्हाला वाटत असेल, आपण मोठ्या मनानं सगळं अंगावर घेतलं. बाबांनी गोळ्या बिघडवल्या ते मला समजतं, ते घाबरले होते. तुमचं मला समजत नाही. मी लिहिलं होतं की तुम्ही सांगाल ते मानीन. मी मानलं. तुमचा हात गेला, तुम्ही म्हातारे झालात, आता दुकान बंद होईल, या विचारानं मी रात्रंदिवस रडले, आणि तुम्ही तिथं मजेत सुईत दोरे ओवत होता. बाबांच्या संशयापेक्षा तुमचं हे खोटं मला जास्त लागलं. बाबांवर मी तसाही कधी पूर्ण विश्वास टाकला नव्हता. तुमच्यावर टाकला होता.

फेब्रुवारीत तुम्ही भांडलात, म्हणून मला काही सांगितलं नाहीत. एप्रिलमध्ये तुमचं जमलं, म्हणून मला काही सांगितलं नाहीत. नळी माझी, परवाना माझ्या नावाचा, निवड माझी. तुमच्यापैकी एकाला तरी वाटलं का, की आकडा का जुळत नाही ते घारूला विचारावं?

तर आता ऐका. साचा क्लबच्या पुढच्या गाडीनं पाठवून द्या. ठसा कसा काढायचा ते मला पत्रातून शिकवा, बाबांना जसं सविस्तर लिहिलं होतं तसं. पुढचं शिसं मी ठोकणार, मी मोजणार, गोळ्या मीच ओतणार. बाबांच्या खणाची किल्ली माझ्याकडे आहे. तीन जबड्यांचा मायक्रोमीटर परत करायला मी स्वतः कारखान्यात गेले होते. तिथल्या माणसानं मला तो कसा धरायचा ते शिकवलं आणि आणखी महिनाभर ठेवा म्हणाला.

निवड दोन वर्षांनी आहे. तेव्हा मला तिसावं लागलेलं असेल. पंच म्हणाले, तीस म्हणजे काही फार नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

त्या दिवशी तुम्ही दोघं या. मावशीलाही आणा. पहिल्या रांगेत जागा धरून ठेवीन. फक्त हात खिशात घालून बसा.

घारू